मधला गिअर

केतकीने सायकलच्या तारेकडे गेलेला हात मागे घेतला आणि ओढणीला पुसला.

गिअरची तार ढिली होती. मधल्या गिअरवर जोर दिला की पॅडल रिकामं फिरणार, हे तिला उभ्याउभ्याच कळलं. पुण्यात वडिलांच्या सायकल दुकानातच ती लहानाची मोठी झाली होती. मागच्या चाकाच्या आसातून, तारेला जोडलेली एक बारीक दांडी बाहेर येते. गिअर मधल्यावर ठेवून, तार ताणून दांडीवरची खूण आसाच्या टोकाशी जुळवायची, की झालं. दोन मिनिटांचं काम. तिचे सासरे, लक्ष्मणराव, रोज संध्याकाळी ते मोठ्या तोऱ्यात करायचे आणि रोज चुकवायचे. मग सकाळी ते पूजेला बसले की केतकी गुपचूप खाली येऊन तार नीट लावायची. सहा महिने हे असंच चाललं होतं.

आज ती हात लावणार नव्हती.

काल नांदेडचे पाहुणे जेवायला होते. सगळ्यांच्या देखत लक्ष्मणराव तिला म्हणाले होते,

"माझ्या सायकलीला हात लावायचा नाही. पन्नास वर्षं हा गिअर मीच लावतोय. कोण सांगितलं होतं तुला ह्यात पडायला?"

तिचा नवरा विकास पानातल्या भाताकडे बघत राहिला. केतकी वाढत राहिली, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. रात्रभर तिला झोप नव्हती, आणि सकाळीही राग तसूभर कमी झाला नव्हता.

लक्ष्मणराव खाली आले. पँटला क्लिपा लावून, तिच्याकडे न बघता त्यांनी ती काळी, उंच, विलायती सायकल फाटकाबाहेर काढली. चिक्कडपल्लीतल्या घरापासून सुलतान बाजारातल्या वाचनालयापर्यंत त्यांची रोजची फेरी असे. वाटेत चढ होता. पडू देत एकदा, असं ती मनात म्हणाली, आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

तासाभरात ते सायकल हातात धरून चालत परतले. गुडघ्यावर पँट फाटली होती आणि तळहात सोलवटला होता.

"पडलात?"

"हौ. चढावर उभं राहून पॅडल मारलो, रिकामंच फिरलं."

तिने तांब्याभर पाणी आणून त्यांच्या हातावर ओतलं. पाणी झोंबलं, तसा त्यांनी हात आखडला.

"आज तू तार लावली नाहीस," ते म्हणाले.

केतकीने तांब्या खाली ठेवला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"खूण दिसत नाही मला. दिवाळीपासून. तू करतीस म्हणून चाललं होतं."

"मग काल चार लोकांत मला का बोललात?"

"विकास विचारला होता, केतकी रोज खाली काय करती म्हणून. मला दिसत नाही हे त्याला कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सायकल भंगारात." ते गुडघ्यावरची माती झटकू लागले. "तू काय, घरचीच. ऐकून घेशील वाटलं."

पडल्याचं ऐकून थोडा निवलेला तिचा राग पुन्हा भडकला. कालच्या बोलण्यापेक्षा हेच तिला जास्त लागलं.

"घेतलं ऐकून," ती म्हणाली. "आता विकासला तुम्ही सांगा. माझ्यासमोर. तोवर मी तार लावणार नाही, आणि तुम्हाला फाटकाबाहेर जाऊही देणार नाही."

लक्ष्मणराव चाकापाशी वाकले, डोळे बारीक केले, मग अंगठ्याने ती दांडी चाचपून पाहिली. दोनदा पाहिली. शेवटी सीटचा आधार घेत ते उठले.

"विकास," त्यांनी वर हाक मारली.

"मीटिंग चालू आहे, बाबा."

"असू दे. खाली ये. काल पाहुण्यांसमोर मी खोटं बोललो."