बिनरंगी चिमणी

वहिनीने गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला, धूळ फुंकल्याचं सोंग करत तोंडाजवळ नेला आणि खालचा ओठ त्याच्या कोपऱ्यावरून हळूच फिरवला. चिमणी होती. चोच, पंख, पायाखालची काटकी, सगळं नीट वर आलं होतं.

"चालू द्या," ती म्हणाली.

मिस्त्रीने प्रेस सुरू केला आणि तिच्या स्टुलाचे पाय थरथरायला लागले.

त्या कारखान्यात चिकट चिठ्ठ्यांची पॅड बनत. साधी पॅड काय, कुठेही बनतात. इथली महागातली होती: चिठ्ठीच्या मागे गोंदाची पट्टी आणि पुढे कोपऱ्यात उठावाची चिमणी, तीही बिनरंगी. पांढऱ्यावर पांढरी. ट्यूबलाइटच्या उजेडात डोळ्यांना ती काही केल्या दिसायची नाही. कागद तिरपा धरून एकेक बघत बसलं तर झालंच काम! म्हणून माल तपासायचा तो बोटांनी, आणि बोटं म्हणजे वहिनीची. उठाव जरा उथळ आला, काटकी तुटली, ठसा केसभर सरकला, तरी ती भलतीकडे बघत गप्पा मारता मारता सांगायची. खुद्द मालक पाहुण्यांना तिच्यासमोर आणून उभे करत आणि म्हणत, "हे आमचं खरं मशीन."

त्या मशीनला गेल्या उन्हाळ्यापासून काही कळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आधी पाय गेले. एकदा ती कामावरून घरी आली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी रस्त्यात कुठे गळून पडली, तिला पत्ताच नाही. नवरा खाटेवरून हसला होता. "एक कुणाला देऊन आलीस?" तीही हसली, आणि मग मोरीत जाऊन तिने पायाच्या बोटांवर गरम पाणी ओतून बघितलं. त्यानंतर हाताची बोटं. चहाचा कप हातातून सुटायचा, काजं सापडायची नाहीत. ओठ तेवढा शाबूत राहिला, म्हणून नोकरी राहिली. फुंकर मारायची नवी सवय लागली वहिनीला, एवढंच लोक म्हणाले.

हे कशाने झालं ते तिला ठाऊक होतं. स्टुलावर बसायच्या आधी तिची कैक वर्षं गोंदाच्या खोलीत गेली होती. ओल्या गोंदावर धुळीचा कण बसला की पट्टी चिकटत नाही, म्हणून त्या खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद. गोंद पातळ करायचं पाणी डब्यातून उघडं वापरायचं. पाणी आपलं म्हणायचं, वास असा की डोकं भणभणायचं. तिच्याबरोबरच्या बायका एकेक करून गेल्या. एकीला जिना चढवेना, तिने सासू आजारी असल्याचं सांगितलं. दुसरीने लेकीचं बाळंतपण सांगितलं. खरं कुणीच बोललं नाही, कारण बोललं की हिशोब हातात घेऊन घरी. वहिनीही बोलली नाही. ती बोलली तर खाटेवरच्या माणसाचं औषध कोण आणणार होतं?

सगळ्या कारखान्याची ती वहिनी झाली ती तिच्या नणंदेमुळे. वन्सं खोकी भरायला होत्या. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन त्या भावाच्या शेजारच्या खोलीत राहायला आल्या होत्या. लेक बारावीपर्यंत शिकून घरी बसलेली. तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून तिचं नावच टकळी पडलं होतं. ती झोपेतही बोलते, असं वन्सं सांगत.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा कामावर जाताना वन्संनी विषय काढला.

"वहिनी, गोंदाच्या खोलीत जागा झालीये म्हणे. टकळीसाठी मिस्त्रींच्या कानावर घाला ना."

"तिथे नको," वहिनी म्हणाली.

"का नको?"

"वास असतो. डोकं चढतं."

"रिकाम्या पोटाने काय कमी चढतं? तुम्ही नाही का तिथेच दिवस काढलेत? आणि आज स्टुलावर बसून हुकूम सोडताय."

"वन्सं, माझं ऐका. दुसरीकडे कुठे बघू तिला."

"दुसरीकडे कोण उभं करतंय?" वन्संचा आवाज चढला. "स्पष्टच सांगा की. आपल्या जागेला कुणी वाटेकरी नको, असंच ना?"

वहिनीच्या अगदी ओठांवर आलं होतं. माझी बोटं मेलीत वन्सं, त्या खोलीने मारलीत. एवढंच तर सांगायचं होतं. पण वन्संच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुपारपर्यंत ते मालकापर्यंत पोचलं असतं. वहिनीने ते गिळलं आणि त्या दिवशी मिस्त्रीकडे शब्द टाकला. आपल्या पोटापुढे तिला पोरगी दिसली नाही, दुसरं काय म्हणायचं?

टकळी गोंदाच्या खोलीत रुळली. बंद दाराआडूनसुद्धा तिचा आवाज यायचा. जेवणाच्या सुट्टीत ती मामीच्या पायाशी बसून जगभराच्या गोष्टी सांगायची आणि मिस्त्रीच्या चालण्याची अशी नक्कल करायची की खुद्द मिस्त्रीलाही हसू आवरत नसे. एकदा तिने मामीचीही नक्कल केली. कागद उचलला, डोळे अर्धे मिटले, फू. सगळ्या हसल्या. वहिनीने मात्र डबा मिटवला.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी टकळीने पाय झटकला.

"मामी, पायांना मुंग्या येतात गं. जाता जात नाहीत. बसून बसून येत असतील ना?"

वहिनीने लगेच विचारलं, "आणि हातांना?"

"हातांना काय धाड भरलीय?" टकळी म्हणाली आणि डबा आवरायला लागली. झाकण काही केल्या बसेना, तेव्हा मामीनेच ते तळहाताने दाबून बसवलं.

त्या संध्याकाळी घरी वहिनी स्वयंपाकाला लागली. अजून पायच आहेत, ती मनाशी म्हणत राहिली. हात शाबूत आहेत. आज बाहेर काढली तर पोर वाचेल. नवऱ्याने दोनदा पाणी मागितलं, ते तिसऱ्यांदा तिच्या कानात शिरलं.

दुसऱ्या दिवशी मालक फेरीवर आलेले असतानाच मिस्त्रीने दिवसाचा पहिला कागद तिच्यापुढे टाकला. वहिनीने तो उचलला नाही. टेबलावरच ठेवून त्याच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं, सगळ्यांना दिसेल असं, सावकाश.

"मला कळत नाही," ती म्हणाली.

"काय कळत नाही?" मिस्त्री हसला.

"चिमणी आहे का नाही ते. बोटांना काही लागत नाही. गोंदाच्या खोलीने गेलीत ती."

प्रेसजवळच्या बायका वळून बघायला लागल्या. मालक जवळ आले. त्यांनी तिला डोळे मिटायला लावले आणि एक कोरा, एक उठावाचा असे दोन कागद पुढे केले. तिने दोन्हीवर बोट फिरवलं आणि मान हलवली.

"गोंदाचं काय घेऊन बसलात?" मालक म्हणाले. "वय झालं म्हणा."

वाद घालायला ती आलीच नव्हती. "वय तर वय," ती म्हणाली. "मला खोकी भरायला ठेवा, नाहीतर घरी पाठवा. पण माझ्या जागी आमच्या टकळीला बसवा. कोवळी बोटं आहेत. महिनाभरात तयार होईल."

मालकांनी क्षणभर विचार केला. नव्या पोरीला पगार कमीच द्यावा लागणार होता. "बोलवा तिला," ते म्हणाले.

वहिनी स्टुलावरून उठली. कितीतरी दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला होता. खोकी सोडून वन्सं धावत आल्या आणि तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. गोंदाच्या खोलीचं दार उघडलं. टकळी डोळे चोळत बाहेर आली, मामीच्या स्टुलावर बसली. मिस्त्रीने दोन कागद तिच्यापुढे ठेवले.

"कुठल्यावर चिमणी आहे, सांग बघू. घाई नाही."

टकळीने पहिल्या कागदाच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. मग दुसऱ्याच्या. पुन्हा पहिल्याच्या. बोट दाबून बघितलं, दुसरं बोट लावून बघितलं. झोपेतही बोलणारी पोरगी, पण आता तिच्या तोंडून एक शब्द निघेना. तिने मान वर करून मामीकडे बघितलं, आणि वहिनीने मनातल्या मनात म्हटलं, नको गं बाई, नको.

टकळीने कागद उचलला. धूळ फुंकल्यासारखं करत तो तोंडाजवळ नेला. मग खाली ठेवून दुसरा नेला.

"ह्याच्यावर आहे," ती म्हणाली.

"शाब्बास!" मालक खूश झाले. "फुंकरसुद्धा मामीचीच! करा सुरू."

प्रेस सुरू झाला. टकळी मान खाली घालून पुढचा कागद उचलत होती. वन्संनी वहिनीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी तुम्हाला काय काय बोलले," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही माझ्या पोरीसाठी आपली जागा सोडलीत. वहिनी, हे मी जन्मभर विसरणार नाही."

बोलता बोलता त्यांनी ते हात घट्ट दाबले. किती घट्ट, ते वहिनीला नुसतं दिसत होतं.