पाहुण्यासाठी सजवलेलं घर

आमच्या बाबांना पाहुण्यासमोर गरीब दिसायचं नव्हतं आणि त्यापायी ते मरायला निघाले होते. असा संताप येतो ना!

अर्ज मी केला होता. कमी कमाईवाल्यांच्या घरांच्या फटी बुजवून, भिंतीत ऊब भरून देणारी सरकारी मदत. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, बाबांची छाती या गारठ्यात आणखी एक हिवाळा काढणार नाही. घर उबदार करा, नाहीतर त्यांना वृद्धाश्रमात हलवा. वृद्धाश्रमाचं नाव काढलं की बाबा जेवण सोडतात. शेवटी एकदाचा आमचा नंबर लागला, घर तपासायला माणूस येणार होता, पण नेमकी त्या दिवशी मला शाळेच्या स्वयंपाकघरातून सुट्टी मिळेना. जाताना बजावलं, "बाबा, काही आवरू नका. घर आहे तसं दिसू दे."

ऐकतील तर शपथ! दुपारी परतले तर घर ओळखू येईना. बाबा आणि शेजारचा मर्ल, दोघे म्हातारे सकाळपासून खपले होते. बाहेर जोत्याला गवताचे गठ्ठे रचलेले, आत खिडक्यांवर प्लास्टिकचा कागद ताणून चिकटवलेला, दारांच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. बर्फ पडायच्या आधी वारा अडवायला आमच्या मेन राज्यात सगळेच हे करतात, पण तपासायला माणूस येणार त्याच दिवशी? नाकात ऑक्सिजनची नळी आणि अंगात चर्चला जायचा कोट घालून बाबा ऐटीत बसले होते. मर्ल पाहुण्याला ब्लूबेरी भरून भाजलेला गोड 'पाय' वाढत होता.

तपासनीस ट्रेंट पोरगेलासाच, पोर्टलंड शहरातून आलेला. त्यानं दारात मोठा पंखा बसवला होता. तो घरातली हवा बाहेर खेचतो आणि फटींतून किती वारा आत येतो ते यंत्र सांगतं.

"घर चांगलं बंदिस्त आहे हो," तो म्हणाला. "खिडक्यांवरचे कागद बारा महिने असतात, थंडी वाजत नाही, असं आजोबाही म्हणाले. अशी घरं यादीत मागे जातात."

"मागे म्हणजे?"

"हा हिवाळा तर नाहीच."

"बाबा! थंडी वाजत नाही?"

"मग काय, परक्यासमोर रडगाणं गायचं?" बाबा म्हणाले. "तुझी आई असती तर तिनंही घर नीटच ठेवलं असतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "नीट? जानेवारीत टोपी घालून शेगडीपाशी खुर्चीतच झोपता, ते सांगितलंत?"

मी खिडकीवरचा कागद टराटरा फाडला. पडदा फुगून आत आला. मग दुसरी खिडकी, तिसरी. दारातल्या चिंध्या ओढून फेकल्या.

"अगं लोर्ना, आत्ता तर लावलंय!" मर्ल ओरडला.

"तुम्ही गप्प बसा, मर्लकाका! शिडीवर चढताना लाज नाही वाटली? आणि तू रे, माझ्या तोंडाकडे काय बघतोस? तुझं यंत्र बघ."

ट्रेंटनं यंत्र बघितलं. "बाप रे," म्हणाला.

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "परक्यासमोर माझी अब्रू घालवलीस."

"घालवली! अब्रू घेऊन वृद्धाश्रमात जायचं होतं?"

बोलले आणि मला रडूच फुटलं, रागानंच. पंखा घरघरत होता. घरभर वारा सुटला होता. बाबांनी कोटाची कॉलर वर केली. ट्रेंटकडे काही बघितलं नाही.

"वरच्या खोलीतलाही फाड," ते म्हणाले. "तिथे दुहेरी लावलाय."