दुसरा हात

हौद्याचं काम या वेळी बाहेरून करून घेऊ, असं संयोगितानं जेवताना सांगितलं. तिच्या भावानं, यशराजनं, ताटातून मान वर न काढता "बघूया की" म्हटलं. त्याच्या बायकोला, वर्षाराणीला, तव्यावरची भाकरी उलटायला जरा उशीर झाला आणि भाकरीवर काळा डाग पडला. तो डाग पाहून संयोगिताला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाजही वाटली, पण ती नंतर.

हौदा होता तिच्या वडिलांच्या, आण्णांच्या पिकअपचा, मागे माल भरायचा. चौदा वर्षं आण्णांनी त्या गाडीतून, आणि त्याआधी जुन्या टेम्पोतून, गुऱ्हाळांवरचा गूळ मार्केट यार्डात पोचवला. गूळ पाझरतो, पाझरलेलं खाली साचतं आणि पत्रा खातं. शिवाय नुसत्या पत्र्यावर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, घसरतात. म्हणून दर चार-पाच वर्षांनी खंडेनवमीच्या आधी आण्णा जुना थर खरवडून हौद्याला स्वतः काळा रंग द्यायचे. दुकानातला रंग तसाच नाही द्यायचे. टायर रिमोल्डिंगवाल्याकडे टायर घासताना रबराचा जो चुरा पडतो, तो पोत्यातून आणायचे, पिठाच्या चाळणीनं चाळायचे आणि हार्डनर घातलेल्या रंगात कालवायचे. चुऱ्याचं माप त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

निदान संयोगिताची तशी समजूत होती. फाल्गुनात आण्णा गेले. आता भाद्रपद सरत आला होता. पुण्याहून ती सुटीला आली त्याच दिवशी शेजारच्या शालूबाईंनी कुंपणापलीकडून ऐकवलं, "आण्णानं समदी विद्या सुनंला दिली बग. गाडी शिकवली, रंग शिकवला. गेल्या साली हौद्याला तिनंच हात मारलाय. वरीस झालं, कुठं खरचटलं न्हाय."

अडतीस वर्षांत आण्णांनी संयोगिताला ब्रशला हात लावू दिला नव्हता. लहानपणी ती गोठ्याच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसायची. पुस्तकापेक्षा तिचं लक्ष काळ्या रंगाकडे असायचं. जरा पुढे सरकली की आण्णा म्हणायचे, "लांब हो संयू, रंग लागंल. तुजं हात पुस्तकं धरायचं हायत." ते हात पुढे पुण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवू लागले. आण्णा ते गुऱ्हाळागुऱ्हाळावर सांगायचे. तिलाही त्याचा अभिमान होता. शालूबाई बोलल्या त्या दिवसापासून तो अभिमान आतून गंजत चालला होता.

यशराज शिरोलीला फौंड्रीत होता. आण्णांचा दम वाढला तशी गाडी वर्षाराणीकडे आली. दोन वर्षं रोज सकाळी ती गाडी चालवायची आणि आण्णा शेजारी बसायचे. इतका वेळ दोघं काय बोलत असतील, हा प्रश्न संयोगिताला सारखा पडायचा. तिच्याशी फोनवर आण्णा चार वाक्यं बोलायचे. त्यातलं एक पावसाबद्दल असायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी रंगवाल्याकडे निघाल्या. वर्षाराणीनं ओढणी कमरेला खोचली, सीट पुढे ओढली आणि गाडी बावड्याच्या वस्तीतून अशी बाहेर काढली की संयोगिताला कौतुक वाटलं आणि त्याचाच राग आला. आण्णांच्या जागेवर आता संयोगिता स्वतः बसली होती. समोरच्या कप्प्यात त्यांची तंबाखूची डबी अजून होती.

"डबी ठेवलीस का अजून?"

"असू दे म्हटलं. खडखड वाजती, तेवढीच सोबत."

शिये फाटा मागे पडला.

"वन्सं, एक इचारू? हौदा चांगला हाय की. मग कशापायी?"

"फवाऱ्याच्या बंदुकीनं मारलेलं पंधरा वर्षं टिकतं म्हणतात. गाडी टिकेल. आण्णांची आठवण आहे."

"व्हय," वर्षाराणी म्हणाली. गिअर बदलून म्हणाली, "तुमच्या आण्णांची गाडी हाय. मी काय बोलू."

एमआयडीसीच्या कडेला विरूपाक्षची शेड होती. माणूस निपाणीकडचा, पन्नाशीचा, गळ्यात मास्क लटकवलेला. आत एका नव्या गाडीचा हौदा कागद आणि टेप लावून तयार होता. त्यानं दोघींना लांब उभं केलं आणि बंदूक हाती घेतली. मागच्या यंत्रातून दोन जाड नळ्या येत होत्या. दहा मिनिटांत अख्खा हौदा काळा, खरखरीत, एकसारखा झाला. तो मास्क काढून येईपर्यंत बोट लावलं तरी डाग पडत नव्हता. कुणाचा हात कुठून फिरला हे कुठेच दिसत नव्हतं. संयोगिताला नेमकं तेच हवं होतं.

मग विरूपाक्षनं आण्णांच्या गाडीचा मागचा फाळका पाडला आणि आत चढला. नाण्यानं ठिकठिकाणी टकटक केली, नखानं खरवडलं. कोपऱ्यात बसून छिन्नी लावली आणि चार बोटं रुंद टवका काढून उजेडात धरला.

"अक्का, हे कुणी मारलंय?"

"का?" संयोगितानं विचारलं.

"दोन हात हायत ह्यात, बघा. खालचा जुन्या माणसाचा. चुरा कसा सारखा बसलाय. कडा ब्रशनं वडल्यात. वरचा हात नवशिक्याचा. रोलर दाबून मारलाय, लाटा आल्यात."

रंगाच्या थराला हात म्हणतात हे संयोगिताला लहानपणापासून माहीत होतं. पण हौद्यात आण्णांचा हात अजून आहे, फक्त झाकलेला आहे, हे तिच्या डोक्यात आत्ता शिरलं.

"मग वरचा काढा," ती म्हणाली. "खालचा राहू द्या. त्याच्यावर तुमचं मारा."

विरूपाक्ष हसला. वर्षाराणी हसली नाही. तिनं ओढणी सोडून पुन्हा खोचली.

"वरचा माजा हाय म्हणून व्हय, वन्सं?"

संयोगितानं विरूपाक्षच्या हातातून टवका घेतला.

"तसं निघत न्हाय, अक्का," विरूपाक्ष म्हणाला. "कांद्याचा पापुद्रा हाय का सोलायला? आमचं मारायचं तर खाली कोरा पत्रा लागतोय. ग्राइंडर लावून दोन्ही घालवायचं. आणि घालवायला लई वेळ जाईल, सांगतो आत्ताच. हे दोन हात एकमेकांत मुरल्यात. खालचा वाळून खडखडीत झाला असता तर वरचा आतापर्यंत सुटला असता. घरी मारणारे तिथंच फसत्यात. आज एक हात, उद्या एक हात. हितं तसं न्हाय. खालचा जरा ओला हाय तवाच वरचा मारलाय. कुणी सांगितलं तुम्हाला?"

हे त्यानं वर्षाराणीला विचारलं.

"आण्णांनी. तीन तासांत दुसरा हात मार म्हणलं, न्हायतर धरत न्हाय." ती फाळक्याच्या कडीशी चाळा करत होती. "नऊला त्यांनी पहिला मारला. दम लागला, मग खुर्ची टाकून बसलं. मी म्हटलं, दुसरा मी मारतो. तर म्हणलं, थांब. धाला इचारलं, थांब. अकराला इचारलं, थांब. सारखं रस्त्याकडं बघायचं. बारा वाजत आलं तवा म्हणलं, घे बाई आता, सुकत चाललाय."

"रविवार होता," संयोगिता म्हणाली.

"व्हय. तुमाला कसं ठावं?"

त्याच्या आधीच्या शुक्रवारी फोन आला होता. पावसाचं झालं, तब्येतीचं झालं, आणि आण्णा म्हणाले, रविवारी येतीस का? हौदा रंगवायचा हाय. ती पेपर तपासत होती. हसून म्हणाली होती, मी काय करू तिथं आण्णा, रंग लागेल ना मला. तेही हसले होते. बरं बरं, म्हणाले, बघ जमलं तर. आणि ती म्हणाली होती, बघते. येत नाही असं म्हणाली नव्हती.

हे तिनं वर्षाराणीला सांगितलं नाही. त्या थांबण्याचे तीन तास तिचे होते. तिथे तरी वर्षाराणीचा हात फिरायला नको होता.

"राहू द्या," ती विरूपाक्षला म्हणाली. "नाही करायचं."

"नका करू. खोट न्हाय ह्यात. आमच्याइतकं टिकणार न्हाय, पण चार-पाच वर्षं मरण न्हाय." तो खाली उतरला. "फक्त हा टवका उघडा ठेवू नका. गूळ आत शिरला की पत्रा गेला. मारून देऊ बंदुकीनं?"

"घरी चुरा हाय," वर्षाराणी म्हणाली. संयोगितानंही मान हलवली.

येताना डबी खडखडत राहिली. टवका संयोगितानं रुमालात बांधून घेतला होता.

गोठ्याच्या मागून वर्षाराणीनं चुऱ्याचा पत्र्याचा डबा आणला, रंग आणला, आणि कान तुटलेला एक कप. त्या कपातून संयोगिता शाळेत असताना दूध प्यायची.

"हे माप. एक डबा रंगाला हे दोन कप, वरनं अर्धा. हितं एवढ्याशाला चमचाभर बास."

तिनं हे मिठाचं माप सांगावं तसं सांगितलं. इतकी वर्षं जे कुणाला ठाऊक नाही म्हणून संयोगिता मनात जपत आली होती, ते तिच्या हातात असं येऊन पडलं. तिनं कडा पॉलिश पेपरनं घासल्या, पत्रा पुसला आणि गुडघ्यांवर बसून पहिला हात मारला. चुरा एका बाजूला गोळा झाला.

"पसरून घ्या, वन्सं. मनगट सैल सोडा. आण्णा म्हणायचं..."

"माहीत आहे," संयोगिता म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

तीन तास ती आण्णांची खुर्ची टाकून गाडीजवळ बसली. पुस्तक आणलं होतं, ते मांडीवर उपडं पडून राहिलं. एक-दोनदा तिनं रस्त्याकडे बघितलं.

तीन तास होत आले तशी वर्षाराणी बाहेर आली. हात धुतलेले, ओढणी खोचलेली. तिनं ब्रश उचलला, आणि उचलतानाच तिच्या चेहऱ्यावर जुन्या कामाची ओळख दिसली.

"आण हिकडं," संयोगितानं हात पुढे केला. "मी मारतो."

इथल्या बायकांचं 'मारतो' सोडून पुण्याला गेल्यापासून ती 'मी मारते' म्हणायची. वर्षाराणीनं तिच्याकडे बघितलं, ब्रश क्षणभर धरून ठेवला आणि मग दिला.

संयोगिता हौद्यात चढली. या वेळी मनगट सैल सोडलं. रंग सरळ गेला नाही, पण धरला. वर्षाराणी फाळक्याला टेकून एकेक फटका बघत होती. बघता बघता ती पुढे वाकली.

"लांब हो," संयोगिता म्हणाली, "रंग लागंल."

वर्षाराणी एक पाऊल मागे सरली आणि तिथेच उभी राहिली. ब्रशवरून नजर हलेना. संयोगितानं वर बघितलं. ती नजर कशी असते हे तिला फार चांगलं ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली आणि रंगाची कड ब्रशनं ओढून घेतली.