गोल हॉलचा उजेड

मामाच्या आर्किटेक्ट ऑफिसात मी कामाला लागले तेव्हा त्याची एकच अट होती: इथे ‘मामा’ नाही, ‘सर’ म्हणायचं. माझं काम उजेड मोजायचं. इमारत उभी राहण्याआधी कॉम्प्युटरवर तिच्या खोल्यांत ठिपके मांडायचे आणि दिवसा वाचण्याइतका उजेड किती ठिपक्यांवर पडतो ते बघायचं.

त्या वर्षी मामाचा जीव एका वाचनालयाच्या गोल हॉलमध्ये अडकला होता. “चौकोनी खोल्या काय, कुणीही काढतं,” असं तो येईल त्याला ऐकवायचा. मी घाईत होते, म्हणून ठिपके मांडायचं काम सॉफ्टवेअरवरच सोडून दिलं. उत्तर आलं, ब्याऐंशी टक्के. मामाने लगेच ग्रंथपाल बाईंना फोन करून ते सांगूनही टाकलं.

दुपारी सहज ठिपक्यांची जाळी स्क्रीनवर मोठी करून बघितली. गोल भिंतीशी जुळवून घेता घेता सॉफ्टवेअरने खिडक्यांपाशी ठिपक्यांची दाटी केली होती. मधे मात्र इथे एक, तिथे एक. मी सगळं पुसलं. अर्ध्या अर्ध्या मीटरचे सारखे चौकोन आखले, प्रत्येकाच्या मधोमध एक ठिपका ठेवला आणि पुन्हा मोजलं.

“चोपन्न?” मामा ओरडलाच. “सकाळी ब्याऐंशी होते! उजेड म्हणजे काय दूध आहे, दुपारपर्यंत नासायला?”

“सर, आपण खिडकीत बसलेल्या शंभर जणांना विचारलं, उजेड आहे का? आणि मधल्या अंधारातल्या फक्त दहा जणांना. मग बहुमत कुणाचं होणार?”

“चौकोन जरा मोठे करून बघ.”

“बघितलं. त्रेपन्न.”

“म्हणजे माझा हॉल चुकला?”

“मोजणी चुकली, ती माझी. पण हॉलच्या पोटात अंधार आहे, तो तुमचा.”

मामा दोन दिवस तोंड फुगवून बसला. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून माझ्या शेजारी आला आणि स्क्रीनवरचे ठिपके बोटाने मोजायला लागला. एकशे दहापर्यंत गेला, मग चष्मा काढून डोळे चोळले.

“छताला मधे काच बसवली तर?”

छताला भोक पाडणं म्हणजे आर्किटेक्टने हात टेकणं, असं हाच माणूस म्हणायचा. मी कॉम्प्युटरवर काच बसवली, तेच सारखे ठिपके ठेवले आणि मोजलं. एकोणऐंशी.

मामाने घसा खाकरून ग्रंथपाल बाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, “मधे अंधार असणार, असं मला वाटलंच होतं. पण तुम्ही इतके खुशीत होतात, म्हटलं कशाला विरजण घाला.”

रविवारी त्याच्या घरी जेवायला गेले, तर मामा मामीला सांगत होता, “ठिपके सारख्या अंतरावरच हवेत, हे मी हिला पहिल्यापासून सांगतोय.”

“हो का?” मामी म्हणाली. “मग मधे दोन दिवस माझ्याशी अबोला कशासाठी धरला होतात?”

“आधी वाढ,” मामा म्हणाला.