माझ्या पिंपावर रेनोची चिठ्ठी

रेनो माझ्या भावाचा मुलगा. निवडणुकीला उभं राहायचं ठरल्यावर तो सगळ्यात आधी माझ्याच स्वयंपाकघरात आला. आमची कुट्टूची पिवळी धिरडी, प्लॉय, लोणी चोपडून गुंडाळी करून खाल्ली आणि बोटं पुसत म्हणाला, "आत्या, मी राज्याच्या विधानसभेला उभा राहतोय. तू सांग, या खोऱ्यासाठी पहिलं काय करायला हवं?"

"बाळंतपणाचा वॉर्ड," मी म्हटलं. "दुसरं काही मला विचारू नकोस."

आमच्या हॉस्पिटलातला वॉर्ड बंद होऊन दोन हिवाळे झाले होते. आता पोट दुखायला लागलं की खालच्या शहरात पळायचं. कोरड्या रस्त्यानं दीड तास, आणि बर्फ असला तर देवाला ठाऊक. माझी लेक नोएला तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती. रेनोनं तिच्याकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "आत्या, पहिल्या नंबरावर वॉर्ड. शब्द देतो."

बटाट्याची काढणी संपली की आमच्या चर्चच्या हॉलमध्ये जेवण असतं. आदल्या संध्याकाळी खड्ड्यात निखारे घालून घेवड्याचे हंडे पुरायचे, ते दुसऱ्या दिवशी उकरायचे. ज्याला मतं हवीत त्यानं एप्रन बांधून वाढायचं, आणि हॉलमधला शेवटचा माणूस जेवेपर्यंत स्वतः घास घ्यायचा नाही, ही आमची रीत. रेनोनं रीत चोख पाळली. म्हाताऱ्यांना वाकून वाढलं, पोरांना जास्तीची धिरडी दिली. मग डाव हातात तसाच ठेवून भाषणाला उभा राहिला.

खोऱ्याला उभारी देण्यासाठी त्याची पाच कामं होती. घराघरात वेगवान इंटरनेट. बर्फावरच्या गाड्यांसाठी नवे रस्ते, म्हणजे पाहुणे येतील. बाहेरून येणाऱ्यांसाठी घरं. चिप्सचा कारखाना. आणि पाचवं, आरोग्यसेवांचा अभ्यास.

"अभ्यास?" मी हंड्यापाशी होते, तिथूनच ओरडले. "वॉर्ड कुठे गेला रे?"

"आत्या, वॉर्ड चालायला बाळं तर हवीत!" तो हसला. "आहेत किती आपल्याकडे? आधी माणसं आणू, वॉर्ड मागोमाग येईल."

"आणि ती माणसं काय, बटाट्याच्या कोठारात बाळंत होतील?"

हॉल खदखदून हसला. रेनोही हसला आणि हंड्यापाशी येऊन माझ्या ताटात एक डाव जास्तीचा घेवडा घातला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चारचौघांत भाच्याचा पाणउतारा तरी किती करायचा?

ऑक्टोबर संपता संपता, गारठलेल्या पावसात, नोएलाची पाणमोट फुटली. ॲम्ब्युलन्स एका म्हाताऱ्याला घेऊन शहरात गेलेली, परतलेली नव्हती. जावई आल्बाननं गाडी काढली. मी मागे, नोएलाचं डोकं माझ्या मांडीवर. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "आई, आता नाही थांबवता येत." आल्बाननं गाडी एका उकरलेल्या शेताच्या कडेला घेतली. तिथेच पोर झाली. नाळेचा वेढा मानेला होता. मी बोट घालून तो सोडवला. पोरीचा रंग निळा. मी तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिले आणि मला ठाऊक असलेल्या सगळ्या प्रार्थना विसरले. मग ती रडली.

रक्त मात्र थांबेना. शहरात पोचेपर्यंत नोएला पांढरीफटक पडली होती. जीव वाचवायला डॉक्टरांनी तिचं गर्भाशय काढलं. तिला चार मुलं हवी होती. शाळेत असल्यापासून ती चार म्हणायची, आणि नावंही ठरवून ठेवली होती.

रेनो फुलं घेऊन आला. पोरीला हातात घेतलं आणि खरंच रडला, ते मी नाकारत नाही. त्याच्याबरोबर प्रचाराचं काम बघणारी एक मुलगी होती. तिनं विचारलं, फोटो काढू का? औषधाच्या गुंगीतली नोएला हो म्हणाली.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात पत्रक घरी आलं. रेनोच्या हातात माझी नात. वर मोठ्या अक्षरांत, 'आपल्या खोऱ्यात नवं जीवन येतंय!' खाली तीच पाच कामं, त्याच क्रमानं.

पूर्वी आमच्याकडे बटाटे हातानं वेचायचे. टोपली भरली की पिंपात ओतायची, पिंप भरलं की त्यावर आपल्या नंबराची चिठ्ठी लावायची. ज्याची चिठ्ठी त्याची मजुरी. दुसऱ्याच्या पिंपावर आपली चिठ्ठी लावणाऱ्याला शेतातून हाकलायचे, आणि पुढच्या वर्षी खोऱ्यात कुणी कामाला उभं करायचं नाही. रेनो शाळकरी असताना माझ्या शेजारच्या ओळीत वेचायचा. त्याला हे वेगळं सांगायला नको.

माझ्या जुन्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात होत्या. नंबर सतरा. रविवारी प्रार्थनेनंतर हॉलमध्ये कॉफीच्या टेबलावर त्याच्या पत्रकांचा ढीग होता. मी खुर्ची ओढली आणि एकेका पत्रकावर, नातीच्या पोटावर, माझी चिठ्ठी चिकटवत बसले. कॉफी घ्यायला येणारे बघायचे. चाळिशीच्या पुढचे चिठ्ठी ओळखून मान हलवायचे.

रेनो हात मिळवत मिळवत टेबलापाशी आला. पत्रक उचललं. नंबर वाचला आणि कानापर्यंत लाल झाला.

"आत्या, हे काय चालवलंयस?"

"पिंप कुणाचं ते दिसावं म्हणून."

"पोर सुखरूप आहे ना?" तो हळू आवाजात म्हणाला. "मी काय वाईट केलं तुमचं?"

"ती सुखरूप आहे ती माझ्या या बोटामुळे. तू फक्त चिठ्ठी लावलीस."

त्यानं ढीग उचलला, काखेत मारला आणि मागच्या दारानं गेला. मला वाटलं, चांगली अद्दल घडली.

मतदानाच्या दिवशी नोएलाला मीच आधार देत घेऊन गेले. परत येताना विचारलं, "कुणाला दिलंस?"

"रेनोला."

"नोएला!"

"मग कुणाला देऊ, आई? दुसरा या बाजूला फिरकलासुद्धा नाही. हा निदान रडला तरी."

मतपत्रिकेवर मीही त्याच्याच नावापुढचा गोल काळा करून आले होते.

रेनो निवडून आला. बर्फावरच्या गाड्यांचा रस्ता मंजूर झाला, पाहुणे येतात. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आता मी टॉवेल, घोंगडी, उकळून घेतलेली कात्री आणि दोरा ठेवून असते. दिवस भरत आले की बायका माझा फोन नंबर घेऊन ठेवतात. आमच्या खोऱ्यात वॉर्ड म्हणाल तर तेवढाच आहे.