सेकंदाला पाच

"ऑटोपायलट परत सुटला!" काका म्हणाले, तेवढ्यात स्पीकरमधून धोक्याचा इशारा कोकलायला लागला. "पस्तीस हजार फुटांवर, काही कारण नसताना. मागे एकशे बासष्ट माणसं बसलीत."

"त्यांना विचारा, चहा घेणार का," काकू स्वयंपाकघरातून म्हणाली. "आधण ठेवतेय."

काका रविवारी दुपारी विमान चालवतात. जुन्या जेवणाच्या टेबलावर दोन मॉनिटर, एक जॉयस्टिक आणि कमरेमागे उशी. विमान संगणकावरचं, पण त्याला खेळ म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यांनी त्यात वेगळं विकत घेऊन जोडलेलं ॲड-ऑन म्हणजे खऱ्या प्रवासी विमानाची हुबेहूब नक्कल आहे. त्यातलं बटणन् बटण चालतं, आणि इंधनाचे पंप विसरलात तर इंजिन ढिम्म हलत नाही. नुसतं सुरू करायलाच चाळीस मिनिटं लागतात. मग तीन तासांचा प्रवास तीन तासांतच. मधला वेळ पुढे पळवायची सोय आहे, पण काकांच्या मते ती शुद्ध लबाडी.

बाकीचे सहा दिवस ते एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढतात. एकतीस वर्षं झाली. लहान मुलं असली की आया त्यांच्याच रांगेत थांबतात. दुसऱ्या टेबलावर कोणी नसलं तरी.

मी भौतिकशास्त्र शिकले, त्यामुळे घरात जे बिघडेल ते माझ्या गळ्यात, मग तो मिक्सर असो की विमान.

"चार आठवडे झाले," काका म्हणाले. "ॲड-ऑन काढून परत टाकलं. कंपनीला चांगलं खरमरीत पत्र लिहिलं. ते म्हणतात, तुमची जॉयस्टिक बघा."

त्यांचं म्हणणं बरोबर असू शकत होतं. खऱ्या विमानात ऑटोपायलट चालू असताना वैमानिकाने दांडी जोराने ढकलली, तर माणसाला ताबा हवाय असं समजून तो बाजूला होतो. या ॲड-ऑनमध्येही तसंच आहे. फक्त घरच्या हलक्या जॉयस्टिकला जोर लागत नाही, जरासा धक्काही पुरतो.

"थोडा वेळ थांबवा विमान," मी म्हटलं.

"हवेत?"

"तपासणीपुरतं हो."

त्यांनी नाइलाजाने थांबवलं. मी जॉयस्टिकची हालचाल रेषेत दाखवणारा आलेख उघडला. "हात काढा." रेष सरळ. "आता नेहमी ठेवता तसा नुसता ठेवा."

रेषेला दाते आले.

जॉयस्टिक झिजली की रेष वेडीवाकडी उडते, मध्येच, कशीही. हे दाते करवतीसारखे एकसारखे होते. मी दहा सेकंद मोजले. एक्कावन्न दाते. "आता वळवा डावीकडे." वळवताना रेष स्वच्छ. हात परत विसावला की दाते हजर. मग मी धरून पाहिली. सरळ.

मी डॉक्टर नाही. पण सेकंदाला पाच, तेही हात विसावलेला असताना, हे कंपवाताबद्दलच्या एका लेखात वाचलेलं होतं.

"जुनी झालीय हो," मी म्हटलं. "याला डेड झोन देता येतो. म्हणजे बारीक हालचाल मोजायचीच नाही असं सांगायचं." मी आकडा शून्यावरून पंधरावर नेला. काकांचा हात जॉयस्टिकवर होता, तरी रेष सपाट झाली. "झालं. आता नाही सुटणार."

काका त्या सपाट रेषेकडे बघत राहिले.

"तू धरलीस तेव्हा हे न करताच सरळ होती."

मी माउस उगाच इकडेतिकडे हलवला.

"एखादा रिपोर्ट वाचला की आमच्या डॉक्टरांचं तोंड असं होतं. मग पेशंटला म्हणतात, बसा ना, बसा." ते किंचित हसले. "बोल बाई."

"वळवताना थरथरत नाही, काका. काम करताना हात स्थिर आहे."

"तेच मी स्वतःला सांगत होतो. सुई टोचताना थरथरत नाही, खरंय. पण टोचणं म्हणजे क्षणाचं काम. पुढे नळी भरेपर्यंत सुई तशीच धरून थांबायचं असतं. आमचं काम म्हणजे न हलणं." त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला. "मागच्या महिन्यात दोन पोरांना दुसऱ्यांदा टोचावं लागलं. आयांना सांगितलं, शीर बारीक आहे."

"बारीक असेलही."

"चांगली होती. एका पोराची तर दोरीसारखी." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "तो आकडा शून्यावर आण."

"इथे राहू द्या की. इथे कुणाला लागतंय?"

"आण म्हटलं ना. आहे ते दिसू दे."

मी आणला. काकू ट्रे घेऊन आली. "काय, सापडला का बिघाड?"

"सापडला," काका म्हणाले. "विमान उत्तम आहे."

"म्हणजे त्या कंपनीला उगाच झापलंत."

"हो. माफीचं पत्र लिहावं लागणार." आणि त्यांनी फोन उचलला. काकूला काही सांगण्याआधीच लॅबच्या डॉक्टरांना लावला, बहुतेक तेच तिला पुन्हा वेगळं सांगावं लागू नये म्हणून. "सर, रविवारी त्रास देतोय. उद्या जरा लवकर येतो, मला दाखवायचंय. नाही, माझंच. उजवा हात. आणि सर, उद्यापासून लहान मुलं दुसऱ्या टेबलावरच्या सिस्टरकडे द्या. तिला जमतं, तिला वाटतं जमत नाही. नाही नाही, सुट्टी कशाला? मी आहे ना. पोराचा हात घट्ट धरायला माणूस लागतोच."

काकूने ट्रे हळूच ठेवला. तिने काकांच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी होकारार्थी मान हलवली. या खोलीत ती कधी टेकत नाही. कपबश्या ठेवते, एखादा टोमणा मारते आणि जाते. आज तिने स्टूल ओढलं.

"किती वेळ आहे अजून याला?"

"उतरायला पन्नास मिनिटं."

"बसते मग."

काकांनी विमान पुन्हा सुरू केलं. ऑटोपायलट लावला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. आम्ही तिघं ढगांकडे बघत चहा प्यायलो. धोक्याचा इशारा एकदाही वाजला नाही.

धावपट्टी दिसायला लागली तसे काका पुढे सरले. त्यांनी जॉयस्टिक उचलून टेबलाच्या डाव्या बाजूला, डाव्या हाताशी ठेवली. वायर मॉनिटरमागे अडकून पुरेना, म्हणून काकूने उठून मॉनिटर थोडा सरकवला.