कागदावरची एकोणीस मिनिटं

"धापैकी तीन? माझ्या गाभण डुकरिणीला इचारलं असतं, तर तिनंबी चार दिलं असतं!"

मिलाडाकाकूनं शाळांच्या गुणांच्या यादीचा तो कागद शाळेच्या जेवणघराच्या टेबलावर असा आपटला, की शाळामंडळाच्या सहाही जणांच्या कॉफ्या हिंदकळल्या. काकू तीस वर्षं नेब्रास्कातल्या व्हेसेली गावच्या शाळेची बस हाकत होती. शाळेत पोरं एक्केचाळीस. शेजारच्या मोठ्या हार्मन गावच्या शाळेत सातशे, आणि तिला त्याच कागदावर दहात आठ. दोन शाळांची तुलना करायला मंडळानं शहरातनं विटकरसाहेब आणला होता. साहेबाचं म्हणणं सरळ होतं: व्हेसेलीला कुलूप घाला, पोरं हार्मनला धाडा. मतं दुपारी पडायची होती. सहातले चौघं हार्मनचे, डांबरावर वाढलेले. म्हणजे निकाल लागल्यातच जमा.

काकूची नात दुसरीत होती. अशी शाळा गेली, की मागोमाग दुकान जातं, मग चर्च, मग राहतं ते कणसाचं रान. आम्ही ते चार गावांत बघितलंय.

"बाई, पोहायचा तलाव त्यांना आहे, तुम्हाला नाही," साहेब बोट नाचवत म्हणाला. "बँड त्यांना आहे, तुम्हाला नाही."

"आमच्यात एक ढोल हाय."

"आणि प्रवास फक्त एकोणीस मिनिटांचा. हा बघा रस्ता, रेघ मारल्यासारखा सरळ."

काकूनं नकाशावरची ती रेघ बघितली आणि तिच्या पोटात हसू उकळायला लागलं. तिथं रस्ता होता, नाही कशाला म्हणा? खडी नाही, मुरूम नाही, नुसती काळी माती दोन शेतांच्या मधनं. थंडीत लोखंड, आणि बर्फ वितळलं की चिकट खळ. फेब्रुवारी सरत आला होता, दोन दिवस ऊबदार वारं सुटलं होतं. त्या रस्त्यावर मे महिन्याआधी आमचं कुत्रंसुद्धा पाय टाकत नाही. खरी बस खडीच्या रस्त्यानं वळसा घालून जाते, तास मोडतो. पण उंटावरनं शेळ्या हाकणाऱ्याला हे कोण सांगणार? मंडळातला आमच्या गावचा लूमिर हाव्लिक तोंड उघडणार, तोच काकूनं त्याचा पाय दाबला.

"चला की मग सायब. तुमच्याच रस्त्यानं नेते. बोटभर इकडं न्हाई, बोटभर तिकडं न्हाई."

सगळे बसले. अर्धा मैल बस झकास गेली. मग मागची चाकं तिरकी चालायला लागली, पुढची विचारात पडली, आणि बस म्हशीसारखी गपकन बसली.

"काय झालं?"

"पाच मिन्टं झाली, सायब. चौदा ऱ्हायली."

साहेब तावातावानं उतरला. एक पाऊल पडलं. दुसरं उचललं तेव्हा मोजा वर आला, बूट मातीनंच ठेवून घेतला. साहेब एका पायावर बगळ्यासारखा उभा.

"काकू, हा तर रस्ताच नाही!" हार्मनची एक बाई खिडकीतनं ओरडली.

"कागदाव हाय की वो!" काकू म्हणाली. "पंचेचाळीस मिन्टं झाली."

लूमिर आसनावर आडवा होऊन हसत होता. हार्मनवाले आधी चिडले, मग एकमेकांकडं बघून तेही फिसफिसायला लागले. काकूनं बसमधल्या वायरलेसवरनं शाळेला हाक दिली.

नेमका त्या दिवशी सण होता. वर्षातनं एकदा शेतीच्या वर्गाची पोरं ट्रॅक्टर हाकत शाळेला येतात. अकरा ट्रॅक्टर भोंगे वाजवत कुंपणाकडच्या गवताच्या पट्टीवरनं आले. पुढं कुबाटांची जोलीन, केसात गव्हाचा भुसा, हातात साखळी.

"काकू, कुठं वडू? हार्मनला का शाळंत?"

काकूनं वळून बसमध्ये बघितलं. दुपार झाली होती. शुक्रवार. शाळेत घेवड्याची चिली, म्हणजे तिखट दाट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल.

"शाळेत!" सहाच्या सहा ओरडले. साहेबसुद्धा.

रोल चिलीत बुडवून खाता खाता हार्मनची ती बाई म्हणाली, "माझी पोरगी सहा वर्षांची आहे. मी तिला या रस्त्यावर घातली नसती." तिच्या शेजारच्यानं मान हलवली. हात वर झाले तेव्हा शाळा ठेवायला चार, मोडायला दोन. पोरांनी तो एकुलता ढोल असा बडवला, की त्याचं कातडं फाटलं.

एका मोज्यावर बसलेल्या साहेबानं कागदावरचं एकोणीस खोडलं.

"मग प्रवासाला वेळ किती लिहू, बाई?"

"मे म्हैना ल्ह्या."

यादीत आम्ही अजून दहात तीनच आहोत. यादीवाल्यांनी ती यादी चुलीत घालावी. बूट जूनमध्ये लूमिरला सापडला. काकूनं तो धुतला नाही. शाळेच्या बक्षिसांच्या कपाटात आमचा पहिलावहिला चषक म्हणून तोच उभा आहे, मातीसकट.